बांगड्या फोडल्या नाहीत, काढून ठेवल्या

ताई, नमस्कार.

मी पुण्यात राहते, वय अडतीस, बँकेत नोकरी करते. माहेर मिरज तालुक्यातलं. २०२१ च्या मे महिन्यात बाबा कोविडने गेले. दवाखान्यातून परस्परच नेलं. मातीला भाऊ आणि आणखी दोघं-तिघं, बस. गावातल्या बायकांना घरात येता आलं नाही, त्यामुळे बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं यातलं कोणी काही केलं नाही. त्या दिवसांत मला तेवढाच एक दिलासा होता. पण दहाव्या दिवशी सकाळी आई न्हाणीतून बाहेर आली तेव्हा हातात बांगड्या नव्हत्या, पायात जोडवी नव्हती, कपाळ मोकळं होतं. त्या हिरव्या बांगड्या तिने रुमालात बांधून ट्रंकेत ठेवल्यात, अजून आहेत.

आता फेब्रुवारीत धाकट्या भावाचं लग्न आहे. आईने आत्ताच सांगून टाकलंय की वरमाय म्हणून थोरली काकी मिरवेल, हळदीला सुवासिनी पुढे होतील आणि ती स्वयंपाकाकडचं बघेल. तिला असं कोणीही सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो, तिच्या मनासारखं होऊ दे, आपली संस्कृती आहे. मी वाद घातला की ती रडते, म्हणते, ‘माझ्यामुळं पोराचं काही वाकडं झालं तर?’ आई दहावी शिकलेली आहे, रोज पेपर वाचते, बचत गटाचे हिशेब ठेवते. मी स्वतः असलं काही मानत नाही. दर संक्रांतीला बिल्डिंगमधल्या चौदा सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलावते, पण ते भेटीगाठीसाठी. कुणाची जबरदस्ती नसताना माणूस स्वतःवर अशी जबरदस्ती का करतो? संस्कृती संस्कृती म्हणतात ती नेमकी असते तरी काय?

– एक करवली

प्रिय करवली,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या न्हाणीच्या दाराशी अडकले.

आई आत एकटी होती असं तुम्ही समजता. मला नाही तसं वाटत. तिच्याबरोबर आत तिची आजी होती, चुलत्या होत्या, सहा-सात वर्षांची असताना तिने दाराआडून पाहिलेली गल्लीतली कुणी बाई होती. बाहेर निघताना समोरून कोण आलं की आजी दोन मिनिटं मागे फिरून पाणी पिऊन मग निघते, हे तिला कोणी समजावून सांगितलं नसणार. तिने पाहिलं असणार. ओटी कुणाची भरतात, कुणाला नुसतीच साखर हातावर ठेवतात, ‘भरल्या कपाळाची’ हे कुणाबद्दल म्हणतात आणि ‘पांढऱ्या पायाची’ कुणाबद्दल, हेही तिने ऐकलं आणि पाहिलं. शाळेत जायच्या आधी तिचा तो अभ्यास पुरा झाला होता. दहावी त्यानंतरची. पेपर तर फारच नंतरचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ साली संस्कृतीची जी व्याख्या केली ती अजून शिकवतात. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रीतिरिवाज आणि समाजात राहून माणूस ज्या ज्या सवयी उचलतो तो सगळा गुंता म्हणजे संस्कृती, असा तिचा आशय. मला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो: उचलतो. हे रक्तातून येत नाही, आसपासच्या माणसांकडून येतं. पण इतक्या लहानपणी येतं की पुढे ते शिकल्याचं आठवत नाही. आपल्या हाताला ते आपलंच वाटतं. जेवायला डावा हात पुढे केला तर कसंसंच होतं ना? त्यामागे कुठलाही विचार नसतो. आईचा हात बांगड्यांकडे गेला तो असाच गेला. म्हणून तुम्ही विचाराने वाद घालता तेव्हा ती उत्तर देऊ शकत नाही आणि रडते. वाद डोक्याशी चालला आहे आणि गोष्ट हातात आहे.

ते शिकलेलं असतं याचा पुरावा आपल्याच गावांत आहे. जुन्या काळी एकाच गावात ब्राह्मण आळीत नवरा गेलेल्या पोरीचं केशवपन करून तिला लाल आलवण नेसवत, आणि चार गल्ल्या सोडून कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या घरात तशाच पोरीचा पाट लागे, म्हणजे तिचं दुसरं लग्न होई. गाव तेच, देव तोच, पाऊसही तोच. एकीकडे दुसरं लग्न म्हणजे महापाप, दुसरीकडे घर चालायचं तर करायचीच गोष्ट. पुढे ज्या घरांची परिस्थिती सुधारली, चार लोकांत मान मिळू लागला, त्यांतल्या कित्येकांनी पाट बंद केला, कारण वरच्यांच्यात तो नव्हता. एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञांनी या चालीला संस्कृतीकरण असं नाव दिलं. घराण्याची पायरी वर चढली आणि तिची किंमत त्या घरातल्या विधवांनी मोजली, हे मला नेहमी फार लागतं. तुमच्या काकांना नाहीतर मामांना सहज विचारा, पणजीच्या पिढीत कुणाचा पाट लागला होता का. निघालं एखादं नाव, तर ते भावाला सांगा. ‘आपली संस्कृती’ म्हणताना तो नेमक्या कोणत्या पिढीबद्दल बोलतो, हे त्यालाही कळू दे.

भावावर मात्र रागावू नका. आपलं माणूस दुखावू नये म्हणून तो त्या शब्दाआड उभा राहिला आहे. शिवाय संस्कृती म्हटली की तिच्यात सगळंच आलं. बाबा गेले तेव्हा घरात चूल पेटली नसणार. तशा भीतीच्या दिवसांतही कुणीतरी ओट्यावर पिठलं-भाकरीचा डबा ठेवून लांब जाऊन उभं राहिलं असेल. तो कडू घास हीसुद्धा आपली संस्कृतीच. तोही कुणी शिकवलेला नसतो, तोही हातालाच कळतो. जी माणसं तो डबा आणतात तीच पुढे हळदीकुंकवाच्या दिवशी त्या घरावरून पुढे जातात, आणि दोन्ही वेळा आपण रीतीप्रमाणे वागलो याचं त्यांना समाधान असतं. हे नीट पाहायला हवं. नाहीतर आपण गावाला दुष्ट ठरवून मोकळे होतो आणि बदलत काहीच नाही.

आता जबरदस्तीचं. कायद्याने म्हणाल तर विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्येच मान्यता मिळाली. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्वे दोघं मुरुडला गावी गेले तर गावाने वाळीत टाकलं. कायदा त्यांच्या बाजूने होता, पण मुरुडात त्यांच्या शेजारी पाटावर बसायला माणूस नव्हता. कागदावर काय लिहिलंय ते माणूस क्वचित बघतो. पंगतीत आपल्याला कोण काय वाढतं, ते तो रोज बघतो.

पण मला त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती तुमच्या कामाची आहे. केशवपनाला नुसतं शास्त्र पुरत नाही, वस्तरा धरणारा हात लागतो. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मला हे फार मोठं वाटतं. त्यांनी कुणाची श्रद्धा खोडायचा प्रयत्न केला नाही. आपला हात मागे घेतला, बस. कुठल्याही प्रथेला असे पुष्कळ हात लागतात: बोलावणारा, न बोलावणारा, करंडा पुढे करणारा, करंडा घेऊन एका बाईला वगळून पुढे जाणारा. आपण म्हणतो ‘समाज करतो’. समाजाला हात नसतात, आपल्याला असतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जोतीराव फुले गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी हरकत घेतली तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, आपल्या हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या, असं सांगतात. ज्या दिवशी बाईने कोपऱ्यात बसायचं त्या दिवशी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. पण त्यांच्याभोवती सत्यशोधकांचा एक मेळा होता, हे विसरू नका. तुमच्या आईच्या भोवती कोण आहे? एकटी तुम्ही, आणि तुम्हीही रागावलेल्या.

तुमच्या माहेराहून फार लांब नाही असं एक गाव आहे, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ४ मे २०२२ ला त्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. आणि कोविडनंतरचा काळ, तुमच्या आईसारख्या किती बायका तेव्हा घरोघरी होत्या. १७ मे ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या कपाळांवर कुंकू आलं, असं होत नसतं. पण ठरावाने एक गोष्ट होते. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक एकदा तोंड उघडून सांगतात की आम्ही काही म्हणणार नाही. आईला नेमकं हेच अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिता, ‘तिला असं कोणीही सांगितलेलं नाही.’ बरोबर, मागे हो असं कुणी म्हणालं नाही. पण पुढे ये असं तरी कोण म्हणालं?

आता तिची भीती. ‘माझ्यामुळं पोराचं काही वाकडं झालं तर?’ याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नका. हे मुलावरचं प्रेम आहे, आणि त्याच्या पोटात एक भयंकर गोष्ट लपली आहे: बाबा गेले त्यात आपलाच काही दोष होता, असं तिला कुठेतरी वाटतं. बायको गेलेल्या पुरुषाला कुणी पांढऱ्या पायाचा म्हणत नाही. त्याला विधीला बसायचं झालं तर कमरेला सुपारी लावून बसायची सोय रीतीनेच करून ठेवली आहे. बाईसाठी तशी सुपारी कुणी शोधली नाही. हे आईला एकदा निवांत, दोघीच असताना सांगा. लग्नाचा विषयच काढू नका. बाबा विषाणूने गेले, तुझ्या पायाने नाही, एवढंच म्हणा. कदाचित चार वर्षांत हे वाक्य तिला कुणीच ऐकवलेलं नसेल.

आणि त्या बांगड्या. तिने त्या फोडल्या नाहीत. रीत बांगड्या फोडण्याची आहे, दगडावर नाहीतर भिंतीवर. ती आत गेली, एकेक सोडवून काढली, रुमालात बांधली आणि ठेवून दिली. यातून मी फार मोठा अर्थ काढत नाही, तिच्याकडून वदवून घ्यायलाही जाऊ नका. पण रीतीपासून एक पाऊल ती तेव्हाच बाजूला सरकली आहे, कुणी पाहत नसताना. ते तुम्ही पाहिलंत आणि मला लिहिलंत, पण त्याचं मोल तुमच्या लक्षात आलं नाही.

माझी आत्या एकतिसाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे आली. संक्रांतीला ती सकाळी चिंच लावून पितळी करंडा असा घासायची की त्यात तोंड दिसावं. हळद एका वाटीत, कुंकू दुसऱ्यात, बोटाने काठ पुसून सारखं करायची. मग करंडा माजघराच्या उंबऱ्यावर ठेवून आत निघून जायची. उंबऱ्याच्या पलीकडून आई तो उचलायची. दोघींच्या हातांत तो कधी एकदम आलेला मी पाहिला नाही. माझ्या लग्नात रुखवत सगळं तिच्या हातचं. हळदीच्या वेळी ती मागच्या पडवीत होती, मला दिसत होती, आणि मी हाक मारली नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. मी तेव्हा पदवीधर होते, सभांना जात होते. माझ्या हातालाही तेच वळण होतं, एवढंच. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. ती हाक अजून माझ्या घशात आहे.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका ओळीशी मी थांबणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. ‘चौदा सुवासिनींना बोलावते, पण ते भेटीगाठीसाठी.’ भेटीगाठीसाठी बोलावता, तर चौदाच का? त्या बिल्डिंगमध्ये दरवाजे किती आहेत? ज्या दारावर तुम्ही दरवर्षी बेल वाजवत नाही, त्या दाराआड कुणाची तरी आई आहे. तुम्ही मानत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण यादी करताना तुमचं पेन मानतं.

लग्नाचं म्हणाल तर असं करून पाहा. वाद आजपासून बंद. तुमच्या तोंडून शंभर वेळा ऐकून जे होणार नाही, ते नवरीच्या आईच्या एका फोनने होईल. कारण तुमच्याकडे नवऱ्या मुलाला लागलेली उष्टी हळद नवरीकडे जाते. तिच्या शुभाशुभाचा पहिला हक्क नवरीच्या आईचा. त्या विहीणबाईंनी आईला म्हणावं, ‘माझ्या लेकीला तुमच्या हातची हळद यायला हवी.’ आई ज्यांच्या निकालाला भिते त्यांनीच निकाल दिला की तिचं अर्धं ओझं उतरेल. तुम्ही आधी त्यांना जाऊन भेटा. त्या तयार नसल्या तर होणाऱ्या वहिनीशी बोला, ती आपल्या आईशी बोलेल. दोघी मिळून नकोच म्हणाल्या तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं.

थोरल्या काकींकडे मात्र स्वतः जा, आणि लग्नघरात नव्हे, त्यांच्या घरी जा. त्यांना मान देऊ केला आहे आणि आता तो काढून घेतात असं वाटता कामा नये. देवक बसवायला जोडपं लागतं म्हणतात, तिथे काका-काकीच बसू देत, त्यावर भांडू नका. पण वरमाय एकच, आणि ती म्हणजे जिने त्याला जन्म दिला ती. हे काकींनीच आईला म्हणावं अशी त्यांना गळ घाला. जावा-जावांनी चाळीस वर्षं एका घरात काढली असतील, तर त्यांनाही ते मनातून हवं असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. फक्त पहिली हाक कुणी मारायची यावर सगळं अडलेलं असतं.

पत्रिका छापायला टाकायच्या आधी मजकूर स्वतः बघा. आईच्या नावामागे विधवेला लावतात ते गं. भा. नको. नुसतं तिचं नाव, आणि ते निमंत्रकांत सगळ्यात वर.

एवढं करूनही हळदीच्या दिवशी ती मागेच राहिली तर तिला हाताला धरून ओढत पुढे आणू नका. चार लोकांत ओढून तिच्या कपाळाला कुंकू लावणं आणि चार लोकांत पुसणं, दोन्हीकडे कपाळ तिचं आणि हात दुसऱ्याचा. आणि कुणी मोबाईल धरून ‘विधवा आईला मान’ असला व्हिडिओ काढायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा. ती आली नाही तर भावाने हळदीच्या अंगाने उठून स्वयंपाकघरात जावं, तिच्यासमोर बसावं आणि म्हणावं, लाव. तिथे फक्त ती दोघं. त्याला हे आत्ताच सांगून ठेवा. ‘तिच्या मनासारखं होऊ दे’ म्हणणाऱ्याने एवढं करायला हरकत नाही.

पण फेब्रुवारीच्या आधी संक्रांत येते, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. यंदा आईला आठ-दहा दिवस आधीच पुण्याला आणा. तिळाचे लाडू तिच्याकडून करून घ्या, तिच्या हाताला काम असलेलं बरं. करंडा घरात फिरवू नका, मधल्या टेबलावर ठेवा, जिला हवं ती लावेल. निरोप बिल्डिंगमधल्या सगळ्या दारांना द्या, स्वतः बेल वाजवून. ज्यांना आजवर कुणी बोलावलं नाही त्यांच्यापैकी एखादी आली आणि आईशेजारी सोफ्यावर बसली, तर त्या दोघींना बोलू द्या, तुम्ही चहाकडे बघा.

वाण चौदा आणू नका. दारं मोजा, तेवढं आणा, आणि एक आईसाठी.